सोयर होतं, सोयरे नव्हते

शेंदूरजनाघाटात नऊ महिन्यांचा हिशेब कोणालाही बोटं मोजून सांगावा लागत नाही. वरुड तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेला खेटून वसलेलं हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी ओळखलं जातं. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा, तो जगला की हायसं व्हायचं, रोप हाताएवढं झालं की गिऱ्हाइकाच्या हवाली करायचं आणि वर ‘जपा बरं’ म्हणायचं, हा इथल्या कित्येक घरांचा उद्योग. म्हणजे एका अर्थी अख्खं गावच सुईणीच्या धंद्यात. आंबिया बहाराचं फूल जानेवारी-फेब्रुवारीत येतं आणि फळ तोडायला येईस्तोवर दिवाळी उजाडते. मधले आठ-नऊ महिने बागायतदार ऊन, गारपीट, फळगळ आणि व्यापारी या चारही ग्रहांकडे बघत काढतो.

हा बहार फुटावा म्हणून आधी झाडाचं पाणी तोडावं लागतं. त्याला ‘ताण देणं’ म्हणतात. ताण नीट बसला की पाणी सोडल्याबरोबर झाड फुलानं लदबदून जातं. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली आणि त्या मध्यरात्रीपासून सगळा देश एकदम ताणावर सोडला गेला. तेव्हा जगभरच्या जाणत्यांना वाटलं की आता बहार येणार. नवरा-बायको घरात, बाहेर जायला बंदी, वीज आहे पण बघायला जुन्याच मालिका. नऊ महिन्यांनी पाळणे कमी पडणार, असे विनोद व्हॉट्सॲपवर फिरले. झालं उलटंच. इटली, स्पेन, अमेरिका अशा देशांत टाळेबंदीनंतर नऊ महिन्यांनी जन्माचे आकडे खाली आले. झाडाला दिलेला ताण आणि माणसाला आलेला ताण यांत मोठा फरक आहे. झाडाच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता नसतो.

पण ज्यांचा बहार आधीच धरलेला होता त्यांचं काय? युनिसेफनं मे २०२० मध्ये अंदाज दिला की ११ मार्चला महासाथ जाहीर झाल्यापासून १६ डिसेंबरपर्यंतच्या चाळीस आठवड्यांत जगात ११ कोटी ६० लाख बाळं जन्माला येतील आणि त्यातली दोन कोटींच्या वर एकट्या भारतात. या दोन कोटींपैकी एकालाही कोणी विचारलं नव्हतं की बाबा, जरा थांबतोस का? देशाला घराबाहेर पडू नका म्हणून सांगण्यात आलं होतं. पोटातल्यानं ते ऐकलंच नाही, कारण त्याच्या घरात टीव्ही नव्हता.

आता वऱ्हाडातलं बाळंतपण म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा कायदा. सातव्या महिन्यात ओटी भरून लेक माहेरी येते आणि त्या दिवसापासून माहेरची गल्ली तिच्या पोटाकडे बघून हवामान खात्यासारखे अंदाज वर्तवू लागते. चालण्यावरून, खाण्यावरून, नाकाच्या शेंड्यावरून. प्रत्यक्ष दिवस उजाडतो तेव्हा पेशंट एक असतो आणि बरोबर माणसं अकरा. त्यात माय आणि मावशी कामाच्या. एक मामी डबा सांभाळायला. एक काकू मावशीचं कुठं चुकतं ते बघायला. दोन पुरुष डॉक्टरांशी ‘बोलायला’. आणि उरलेले सतरंजीसाठी. सतरंजी टाकली की ती सोडून कोणाला जाता येत नाही.

अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक अजूनही ‘डफरीन’च म्हणतात. लेडी डफरीन या व्हाइसरॉयच्या पत्नी. हिंदुस्थानातल्या बायांना बायकांकडूनच औषधपाणी मिळावं म्हणून त्यांनी १८८५ साली निधी उभा केला. बाई विलायतेला परत गेल्या, त्यांचं नाव मात्र ‘डफरीनले नेलं’ या दोन शब्दांत वऱ्हाडच्या तोंडी राहून गेलं. शेंदूरजन्यात कोणी एवढंच म्हणालं तरी ऐकणाऱ्याला पुढचं सगळं कळतं आणि तो घरात चपला शोधू लागतो.

२०२० साली या चपला दारातच राहिल्या.

पहिला प्रश्न जाण्याचा. जिल्ह्याबाहेर जायला ई-पास हवा. महाराष्ट्रात ही पासाची अट २ सप्टेंबर २०२० ला उठली, तोवर माणसं मोबाइलवर फॉर्म भरत बसली. फॉर्मवर ‘प्रवासाचं कारण’ आणि ‘प्रवासाची तारीख’ असे रकाने. डॉक्टर एक तारीख देतो, आजी चंद्राकडे बघून दुसरी देते आणि बाळ या दोघांनाही न जुमानता तिसऱ्याच रात्री निघतं. शेंदूरजनाघाटाचं तर आणखी एक कुलंगडं. इथल्या सोयरिकी सीमेपलीकडे, पांढुर्णा-मुलताईकडे, सर्रास झालेल्या. बोली जवळची, संत्री तीच, राज्य मात्र वेगळं. टाळेबंदीपूर्वी ही सीमा फक्त एसटीच्या तिकिटावर आणि पेट्रोलच्या भावात दिसायची. आता ती बांबू लावून आडवी उभी राहिली. आजोळ महाराष्ट्रात, बाप मध्य प्रदेशात, आणि बाळ झाल्याचा पेढा दोन सरकारांच्या मध्ये.

नाक्यावर मात्र एक पास कोणालाच नाकारता येत नसे. गाडीची काच खाली करून आत बसलेल्या बाईकडे नुसता हात करायचा. “साहेब, पोरीचे दिवस भरले हायेत. लेकरू काय चौदा एप्रिललोक थांबन थोडंच?” यावर शिपाईदादा दांडका काखेत मारून आधी बांबू उचलायचा आणि मग विचारायचा, “बाकीचे पाच जन कोन हायेत?” इथं अडचण यायची. बाकीच्या पाच जणांचे दिवस भरलेले नसत. मग मागच्या सीटवरचे काका उतरून, दोन्ही हात जोडून, गाडी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यावर उभे राहायचे. आपण न गेल्यानं पोरीचं कसं होईल याची काळजी त्यांना खरोखरच असे.

दवाखान्यात पोचल्यावर दुसरा प्रश्न. २० एप्रिल २०२० ला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, सांगितलं की बाधित भागातल्या ज्या बायांना कळा सुरू झाल्यात किंवा ज्या पुढच्या पाच दिवसांत बाळंत होतील असं दिसतं, त्यांना लक्षणं नसली तरी तपासावं. पुढे १८ मे रोजी हेही स्पष्ट केलं की चाचणी झाली नाही म्हणून कोणाचं बाळंतपण अडवू नये. मधल्या काळात ‘नाकात काडी घालतात’ ही बातमी गावात अशी पसरली की कळांपेक्षा काडीची भीती जास्त झाली. नमुन्याबरोबर एक फॉर्म भरायचा असे. त्यात विचारलेलं : गेल्या चौदा दिवसांत परदेश प्रवास केला आहे का? माय कधी वरुडच्या पलीकडे गेलेली नाही. आणि जे खरोखरच दूरच्या प्रवासाहून येत होतं, त्याच्या मुलखाचा रकाना फॉर्मवर नव्हता.

तिसरा प्रश्न नवऱ्याचा. त्याच वर्षीच्या मार्चअखेरीस न्यूयॉर्कमधल्या काही मोठ्या रुग्णालयांनी प्रसूतीच्या खोलीत नवऱ्यांना यायला बंदी केली. केवढा गहजब झाला! शेवटी २८ मार्चला तिथल्या गव्हर्नरांनी आदेश काढून नवऱ्यांना आत घ्यायला लावलं. वऱ्हाडातल्या नवऱ्यांनी ही बातमी आश्चर्यानं वाचली. बाई बाळंत होताना नवरा आत असतो, हीच त्यांना खरी परदेशी बातमी वाटली. इथल्या नवऱ्याची जागा परंपरेनं दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर. तिथं तो अर्धा चहा घेतो, बोटं मोडतो, पुन्हा अर्धा घेतो, आणि आतून कोणी बाहेर आलं की उभा राहतो. महासाथीनं टपरीच बंद केली आणि वऱ्हाडी नवऱ्याची प्रसूती अवघड झाली. चहा नाही, खर्रा नाही, धीर द्यायला मित्र नाहीत. बिचारा आयुष्यात पहिल्यांदा बाळंतपणाविषयी विचार करू लागला.

या सगळ्या धांदलीत घरोघरची आजी मात्र शांत होती. नुसती शांत नव्हती, किंचित खूशही होती.

कारण सरकार रोज टीव्हीवर जे सांगत होतं ते सगळं तिचंच होतं. बाहेरून आलं की आधी हातपाय धुवा. परक्या माणसाला लांब ठेवा. खोलीत गर्दी नको. ऊन पाणी प्या. घराबाहेर पडू नका. हे नियम तिनं सासूकडून घेतले, सुनेवर चालवले आणि नातसुनेनं ते गूगलवर तपासून मोडीत काढले होते. आता तेच नियम सरकारी जाहिरातीतून परत आले म्हटल्यावर आजीनं घराचा ताबा घेतला. “आमी त सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाय ठेवत नव्हतो. तवा कोनी टीव्हीवर भाषन देलं नव्हतं.”

आजीच्या बाजूनं इतिहासही उभा राहतो. साथीच्या काळात जहाजं बंदराबाहेर थांबवून ठेवायची रीत एड्रियाटिक समुद्राकाठच्या रगुसानं, म्हणजे आजच्या डुब्रॉवनिकनं, १३७७ साली काढली. तिथं मुदत तीस दिवसांची होती, पुढे ती चाळीस झाली. आणि इटालियन भाषेतल्या ‘चाळीस’वरूनच ‘क्वारंटाइन’ हा शब्द आला. आपल्याकडची बाळंतीणही चाळीस दिवसच आत. सव्वा महिना म्हणजे कागदावर साडेसदतीस दिवस होतात, पण आजीचा सव्वा महिना कॅलेंडरपेक्षा थोडा मोठा असतो. बाळ पोटात राहतं तेही चाळीस आठवडे. पुढे बारशाच्या वेळी या चाळिशीची आणखी एकदा गाठ पडणार होती, ते येईलच.

हात धुण्याचंही तसंच. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरला एक गोष्ट खटकली. जिथं डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी बाळंतपण करत त्या विभागात बाया बाळंतरोगानं जास्त मरत होत्या, आणि जिथं सुईणी करत तिथं कमी. डॉक्टरमंडळी शवविच्छेदन करून तशाच हातांनी बाळंतिणीकडे येत. सेमेलवाइसनं त्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्यानं उतरले. यावर वैद्यकीय जगानं त्याचे आभार मानायचे सोडून त्याच्यावर राग धरला. सद्गृहस्थांचे हात घाण असूच कसे शकतात? १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात वारला. शेंदूरजन्याच्या आजीला हे नाव ठाऊक नाही, पण “हात धुतल्याबिगर लेकराले हात लावू नोको” हे वाक्य ती ज्या आवाजात म्हणते, तो आवाज सेमेलवाइसकडे असता तर व्हिएन्नाचे डॉक्टर पहिल्याच दिवशी मोरीकडे पळाले असते.

अर्थात आजीला शंभरपैकी शंभर देता येत नाहीत. खिडक्या गच्च बंद करून ओवा-वेखंडाची धुरी कोंडायची, हे तिचं कलम डॉक्टरांना अजिबात मान्य नाही, आणि श्वासाचा आजार गावात असताना तर नाहीच. पहिल्या दिवसाचं चिकाचं दूध पिळून टाकण्याची जुनी चूकही तिच्याच पिढीची. डॉक्टर सांगतात, ते पहिल्या तासातच पाजा. जागतिक आरोग्य संघटनेनं तर आईला कोरोना झाला असला तरी तिनं मास्क लावून, हात धुऊन बाळाला अंगावर पाजावं, असं सांगितलं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात मे २०२० पर्यंत कोरोनाबाधित मातांना शंभराहून अधिक बाळं झाली आणि त्यातली जवळपास सगळी निरोगी होती. ‘डॉक्टरनी सांगितलं’ एवढ्यानं आजी बधली नसती. ‘मुंबईले शंभर लेकरं झाली’ म्हटल्यावर तिनं धुरीची वाटी तेवढी दाराबाहेर नेली. डिंकाच्या लाडवांबद्दल मात्र वाटाघाटी झाल्या नाहीत. बाजारपेठ बंद असताना खारीक, खोबरं, गोडंबी आणि अळीव तिनं कुठून पैदा केले, हे पोलिसांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि ज्या चाचणीच्या काडीला सगळे भीत होते तिची स्वदेशी कथाही बाळंतपणाचीच निघाली. पुण्याच्या मायलॅबमधल्या विषाणुशास्त्रज्ञ मीनल दाखवे-भोसले यांनी दिवस भरत आलेले असताना, गरोदरपणातल्या दुखण्यातून उठून, फेब्रुवारी २०२० मध्ये चाचणी-किटचं काम हाती घेतलं. सहा आठवड्यांत ते पुरं झालं. १८ मार्चला किट तपासणीसाठी राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. आठवडा उलटायच्या आत किटलाही मंजुरी मिळाली. निकाल अडीच तासांत, किंमत १,२०० रुपये. तेव्हा बाहेरून येणारं किट ४,५०० रुपयांच्या घरात पडत होतं. सातव्या महिन्यात ओटी भरल्यावर लेकीला सुपारीसुद्धा कातरू न देणाऱ्या आयांनी ही बातमी वाचली. काहींनी ती सुनांना वाचून दाखवली. लेकींना दाखवली नाही.

घरात बाळ आल्यावर पाचव्या दिवशी पाचवी. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते, म्हणून वरवंटा पुजून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची रीत. सगळा देश जागच्या जागी थांबलेला असताना सटवाई तेवढी दारोदार फिरत होती. तिला ना ई-पास लागला, ना थर्मामीटरची बंदूक कपाळाला लावून घ्यावी लागली; उलट कपाळावर लिहायचं काम तिचं, तिथं आता आधी बंदूक टेकू लागली. सकाळी कागद कोराच निघाला. नेहमी कोराच निघतो. पण त्या वर्षी आजोबांनी तो उन्हात धरून दोनदा बघितला.

पाचवीला घुगऱ्या वाटायच्या, त्या कोणाला? इथं दुखण्याचं खरं नाव सापडतं. जन्म झाला की घराला दहा दिवस सोयर. म्हणजे घर जरा वेगळं, देवपूजा बंद, शिवाशिव सांभाळायची. तरी त्या दहा दिवसांत सोयरे मात्र दारात येत. कोणी तूप घेऊन, कोणी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून, कोणी नुसतं ‘अगदी बापावर गेलं’ हे सांगायला. आणि सांगणाऱ्यात पैजा लागत, कारण आईकडचे आणि बापाकडचे कधीही एकाच नाकावर सहमत होत नाहीत. २०२० मध्ये सोयर होतं, सोयरे नव्हते. नाक कोणाचं हा वाद कोर्टात न जाताच निकाली निघाला.

व्हिडिओ कॉल होते म्हणा. पांढुर्ण्याची इहीनबाई पडद्यावर दिसायची ती फक्त कपाळ आणि छताचा पंखा एवढीच, कारण फोन कसा धरायचा ते तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. इकडून बाळ दाखवायचं, तर तेवढ्यात रेंज जायची आणि बाळ तोंड वासून, एक डोळा मिटून गोठायचं. मग तिकडून घाबरा आवाज : “काहून हालत नाही वो लेकरू?” पंधरा मिनिटं हे चालल्यावर म्हातारीनं एकदा बजावलं, “चेहरा त दाखोता, पन त्याच्या टाळूचा वास कसा दाखवसान?” याचं उत्तर अजून कोणत्याही कंपनीला सापडलेलं नाही.

नावाचा विषय निघाला तेव्हा देशभर काय चाललं होतं ते पेपरात येतच होतं. रायपूरला मार्च २०२० मध्ये जन्मलेल्या जुळ्यांची नावं ‘कोविड’ आणि ‘कोरोना’ ठेवली गेली. उत्तर प्रदेशात एका पोराचं नाव ‘लॉकडाउन’. एकाचं ‘सॅनिटायझर’. वऱ्हाडात पाळण्यातलं नाव एक आणि हाक मारायचं दुसरं ही सोय असल्यानं गोष्ट त्या थराला गेली नाही. पण पाळण्यातल्या ‘अथर्व’ला गल्लीत ‘कोरोन्या’ म्हणणारा एक तरी काका प्रत्येक वॉर्डात निघाला. उत्तरेकडे मुलगा झाला की काशाची थाळी वाजवायची चाल आहे. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता ज्यांचा जन्म झाला, त्यांच्यासाठी तर अख्ख्या देशानं वाजवली. अशी पोरं पुढे घरात कशी वागतील, याची कल्पना त्यांच्या आयांना तेव्हाच यायला हवी होती.

बारशाचा मोठा अनुभव मात्र खुद्द जिनिव्हात बसलेल्या जागतिक आरोग्य संघटनेला आला, आणि त्याला निमित्त अमरावती. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळकडे रुग्ण एकाएकी वाढले. राज्यात बाकीकडे लग्नं लागत होती, तेव्हा २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत पुन्हा आठवड्याची टाळेबंदी लागली. विषाणूचा जो नवा अवतार पुढे जगभर गेला त्याचं शास्त्रीय नाव बी.१.६१७.२. हे नाव कोणत्या आत्याच्या तोंडी बसणार? लोक त्याला ‘अमरावतीचा’ म्हणू लागले, जग ‘भारताचा’ म्हणू लागलं. गावाच्या नावानं रोग ओळखला जाऊ नये, म्हणून ३१ मे २०२१ ला संघटनेनं बारसं करून ग्रीक अक्षरांवरून नावं ठेवली आणि आपल्याकडच्याचं नाव निघालं ‘डेल्टा’. पुढे नोव्हेंबरात ओमिक्रॉनची पाळी आली तेव्हा मधली दोन अक्षरं त्यांनी गाळली. ‘न्यू’ गाळलं, कारण ते इंग्रजीतल्या ‘नव्या’सारखं ऐकू येतं, आणि ‘क्साय’ गाळलं, कारण ते रोमन लिपीत (Xi) एका प्रचलित आडनावासारखं दिसतं. यात नवं काही नाही. घरातल्या थोरल्याचं नाव पोराला ठेवायचं नसतं, हे वऱ्हाडातल्या कोणत्याही सुनेनं त्यांना फुकटात सांगितलं असतं.

डेल्टाचे ते महिने हसण्यावारी न्यायचे नव्हते. दुसऱ्या लाटेत गरोदर बायांना आजार पहिल्या लाटेपेक्षा जड गेला, आणि त्यांना लस घ्यायची परवानगी २ जुलै २०२१ ला मिळाली. त्याआधी, पहिल्या उन्हाळ्यात, नाशिकहून सतन्याला पायी निघालेली एक मजूर बाई वाटेत मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला बाळंत झाली, दोन तास टेकली आणि बाळ घेऊन पुढे दीडशे किलोमीटर चालली. मध्य प्रदेशाच्या नाक्यावर पोलिसांनी तिला थांबवून बसवलं तेव्हा ते कळलं. तिच्या वाट्याला दहा दिवसांचं सोयर, सव्वा महिन्याची खोली, आजीचा लाडू यातलं काहीच नव्हतं.

ज्यांच्या वाट्याला खोली होती, त्यांच्या दारात सोयऱ्यांच्या ऐवजी एकच माणूस नेमानं येत राहिलं, ते म्हणजे आशाताई. राज्यात त्या सत्तर हजारांच्या घरात. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि त्या तापमापक बंदूक नि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरल्या. बाळंतिणीची विचारपूस, बाळाचं वजन, लसीची तारीख, शिवाय घरात कोणाला खोकला आहे का, हे सगळं एकाच खेपेत. बाळ कोणासारखं दिसतं हा रकाना त्यांच्या रजिस्टरमध्ये नव्हता. तरी दारातून मास्क सावरत त्या म्हणत, “डोये त मायचेच हायेत.” बाळाच्या नाकाडोळ्यांवर दिलेलं ते त्या वर्षातलं एकमेव सरकारी मत. मोबदला वाढावा म्हणून जून २०२१ मध्ये याच आशाताईंना संप करावा लागला, हीही नोंद त्याच रजिस्टरात असायला हरकत नाही.

बारसं झालं ते झूमवर. पाळण्यासमोर स्टुलावर डबे रचून त्यावर मोबाइल. अमरावती, नागपूर, पांढुर्णा, पुणे आणि एक भाऊ न्यू जर्सीत. तिथं पहाट, म्हणून तो उघडाबंब आणि कॅमेरा चालू. फुकटच्या झूमची मुदत चाळीस मिनिटं. बाळंतिणीचे चाळीस दिवस काटेकोर पाळणाऱ्या घराला ही चाळीस मिनिटं काही पाळता आली नाहीत. पहिली पंचवीस ‘माझा आवाज येऊन रायला काय?’ यात गेली. वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून इकडून तिकडे देण्यात दहा. आत्या पलीकडच्या राज्यात अडकलेली. तिनं फोन तोंडाशी नेऊन बाळाच्या कानात नाव सांगायचं ठरलं, आणि सगळ्यांचे माइक चालू असल्यानं ते गुपित नाव बाळाच्या आधी न्यू जर्सीला कळलं. ‘कुर्रर्र’ झालं आणि पडदा काळा पडला. घुगऱ्या उरल्या त्या शेजारच्या म्हशीला.

बारशाचे रिवाज मोडणं अमरावती जिल्ह्याला तसं नवीन नाही. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा डेबूजी, पुढचे संत गाडगेबाबा, यांनी मुलीच्या बारशाला मटण आणि दारूची चाल मोडून गोडाचं जेवण वाढलं होतं. भाऊबंद चिडले होते म्हणतात. हाती खराटा घेऊन जन्मभर गावं झाडणाऱ्या या माणसानं हात धुवा, गर्दी टाळा, हे ऐकून मान डोलावली असती. पण पंगतच नाही म्हटल्यावर त्यांनीही भुवया उंचावल्या असत्या. मटण मोडता येतं, माणसं कशी मोडणार?

म्हणूनच निर्बंध उठले तसे शेंदूरजन्यात राहिलेल्या बारशांचे मंडप पडू लागले. एका खर्चात बारसं, जावळ आणि पहिला किंवा दुसरा वाढदिवस. दोन वर्षं साठलेले सोयरे एकदम आले. सतरंज्या कमी पडल्या, पुरी-आलूभाजीचे दोन हंडे वाढले, ज्यांना नाक्यावर उतरवलं होतं ते काका सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या पंगतीला बसले. पाळणा सजवला तर पोरगं त्यात मावेना. पाय बाहेर. तरी त्याला आत बसवलं आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा एवढी तोंडं बिनमास्कची, नाकासकट, एका जागी पाहिली. रडला नाही. टक लावून बघत राहिला.

मग आत्या पुढे झाली. पदर सावरला, सगळ्यांना गप्प केलं, आणि त्याच्या कानाशी वाकली. एवढ्या वर्षांत जो कोणी परका माणूस त्याच्याजवळ वाकला होता, त्यानं आधी एकच गोष्ट केली होती. पोरानं सवयीनं दोन्ही तळवे जोडून, वाटी करून पुढे धरले आणि सॅनिटायझरची वाट बघत बसला.